कल चाचणीचं पान ११

जून उजाडला की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शाळांत आणि क्लासेसच्या काउंटरवर माहितीपत्रकांचा ढीग पडतो. त्यात सध्या चलती आहे ती ‘करिअर कल आणि मनःस्वास्थ्य तपासणी, एकाच चाचणीत’ या पॅकेजची. दर विद्यार्थ्यामागे ३५० रुपये, किमान १०० विद्यार्थी, ६० प्रश्न, मोबाइलवर किंवा ओएमआर शीटवर, आणि आठवड्याभरात प्रत्येकाचा १४ पानी रंगीत अहवाल. कंपनीचं नाव इथे मुद्दाम घेतलेलं नाही. हाच माल निरनिराळ्या वेष्टनांत फिरतो आणि खोट वेष्टनात नाही, पान ११ मध्ये आहे.

पान १ ते १० करिअरची. १२ ते १४ कोर्स आणि प्रवेश परीक्षांच्या याद्या. मधल्या ११ व्या पानावर ‘भावनिक जोखीम निर्देशांक’ नावाचं घड्याळ काढलेलं आहे, काटा हिरव्या, पिवळ्या किंवा लाल पट्ट्यात. या पानासाठी मुलाला एकही वेगळा प्रश्न विचारलेला नसतो. करिअरच्या त्याच ६० उत्तरांची बेरीज करून रंग ठरतो. थोडक्यात, ‘विटा किंवा फरशी बसवायला आवडेल का’ याच्या उत्तरावरून पोराचं मन बरं आहे की नाही ते सांगायचं.

करिअरचा भाग आधी उरकून घेऊ, कारण तो ठीक आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतावर तो उभा आहे: माणसांच्या आवडी आणि कामाच्या जागा सहा प्रकारांत बसतात. वास्तववादी, शोधक, कलात्मक, सामाजिक, उद्यमी, पारंपरिक. प्रत्येकाचे १० प्रश्न, प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, म्हणजे एका प्रकारात जास्तीत जास्त ४०. सर्वाधिक गुणांचे तीन प्रकार घेऊन तीन अक्षरी कोड. ही पद्धत जगभर वापरात आहे आणि फुकटही मिळते. अमेरिकेच्या कामगार खात्याची ओ-नेट प्रश्नावली याच साच्याची, ६० प्रश्नांचीच आहे. राज्य मंडळाने २०१६ पासून दहावीची कल चाचणी घेतली ती शेती, वाणिज्य, तांत्रिक, आरोग्य, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांवर होती, तिचा साचा वेगळा. ती आता बंद आहे, त्यामुळे बाजारात जागा मोकळी झाली हेही खरं. अहवालातलं मराठी बरं आहे, छपाई चांगली आहे, आणि आयटीआय, डिप्लोमा यांना अकरावी सायन्सच्या बरोबरीने जागा दिली आहे, हे मात्र मनापासून आवडलं. बहुतेक अहवाल पोरांना डॉक्टर-इंजिनियरच्या पलीकडे जाऊच देत नाहीत.

आता पान ११. कल्पना कुठून आली हे बघितल्याशिवाय ती का फसते ते कळत नाही, कारण मुळाशी एक खरं सूत आहे. सहाही प्रकारांच्या गुणांची एकूण बेरीज म्हणजे त्या आलेखाची ‘उंची’. सर्वात वरच्या आणि सर्वात खालच्या प्रकारातला फरक म्हणजे ‘फरकस्पष्टता’. सगळंच नको म्हणणाऱ्या माणसाची उंची कमी येते. असा माणूस निरुत्साही, स्वतःला कमी लेखणारा असू शकतो, हे समुपदेशक फार पूर्वीपासून ध्यानात ठेवत आले आहेत. हॉलंड यांच्याच व्यवसाय-पसंती यादीत होकारांची संख्या मोजणारी एक वेगळी पट्टी होती. शिवाय नैराश्याच्या निदानात दोन मुख्य लक्षणं धरतात, उदास मन आणि रस-आनंद हरवणं. दोघांपैकी एक तरी हवंच. रस हरवतो, रसाची चाचणी आहे, मग झालं की काम! इथेच घोटाळा होतो.

नैराश्यात हरवतो तो आधी असलेला रस. क्रिकेट खेळणारा मुलगा महिनाभर मैदानाकडे फिरकला नाही, ही बातमी आहे. कधीच न खेळणाऱ्याने ‘खेळ आवडत नाही’ लिहिलं, ही बातमी नाही. निदानासाठी बदल लागतो आणि त्याला मुदत लागते: किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज. कल चाचणी यातलं काहीच विचारत नाही. ती विचारते, ‘हे काम करायला तुला आवडेल का?’ आणि तिची सगळी शान यात आहे की आज दिलेलं उत्तर वर्षाने दिलं तरी फारसं बदलू नये. चढउतार टिपू नये म्हणूनच जे माप घडवलं, त्याला ताप मोजायला लावायचं म्हणजे फूटपट्टी काखेत धरण्यासारखं आहे. उंचीचा ठळक संबंध मुळात स्वभावाशी दिसतो: बोलका, बहिर्मुख, नव्या गोष्टींना मोकळा असा मुलगा सगळीकडे जास्त गुण देतो. नैराश्याशी असलेला धागा त्या मानाने बारीक. अबोल पोराला लाल दाखवणं सोपं आहे, बरोबर नाही.

या कंपनीने सूत्र तळटीपेत छापलं आहे, एवढा प्रामाणिकपणा दाखवला. एकूण २४० पैकी ३० टक्क्यांखाली म्हणजे ७२ पेक्षा कमी गुण असतील तर लाल, ३० ते ४५ टक्के पिवळा, त्यावर हिरवा. हे सूत्र तीन नमुना उत्तरपत्रिकांवर चालवून बघितलं की पान ११ चं पितळ उघडं पडतं.

पहिली उत्तरपत्रिका पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलाची समजा. खान्देशात प्रत्येक तालुक्याला असे डझनांनी सापडतात. पहाटे रस्त्यावर १६०० मीटरचा सराव, मग गोळाफेक, मग वाचनालय. त्याचं ठरलेलं आहे. बाकीच्या कामांना तो फटाफट ‘नाही’ लावतो. वास्तववादी २६, सामाजिक १४, उद्यमी ८, पारंपरिक ८, शोधक ४, कलात्मक २. बेरीज ६२, म्हणजे साधारण २६ टक्के. लाल. वर्गातला सगळ्यात ठाम, सगळ्यात शिस्तीचा मुलगा जोखमीत! त्याच्या सर्वात वरच्या आणि खालच्या गुणांत २४ चा फरक आहे, हे सूत्र बघतच नाही. उलट असा टोकदार आलेख म्हणजे आवड स्पष्ट असल्याची खूण.

दुसरी उत्तरपत्रिका अशा मुलाची, ज्याला कशातच जीव राहिलेला नाही. तो प्रश्न वाचतही नाही. पाचपैकी मधला पर्याय ‘सांगता येत नाही’, साठच्या साठ वेळा. प्रत्येकाला २ गुण, प्रत्येक प्रकारात २०, एकूण १२०. बरोबर ५० टक्के. हिरवा. ज्याच्याजवळ जाऊन बसायला हवं होतं नेमकं त्यालाच चाचणीने ‘सगळं छान’ म्हणून घरी पाठवलं.

तिसरी, बाईंनी चाचणी दिली आहे म्हणजे हो म्हणायचं असतं, असं वाटणारी मुलगी. सगळीकडे ‘खूप आवडेल’. २४० पैकी २४०. तिचा काटा हिरव्या पट्ट्याच्या बाहेर जाईल की काय इतका पुढे. आतून ती कशी आहे ते कोणालाच कळलेलं नाही.

प्रश्नांची भाषा हा आणखी एक खड्डा. यादी बाहेरच्या प्रश्नावलीवरून बेतलेली आहे: ‘किचन कॅबिनेट बनवणे’, ‘शेअर व रोख्यांची खरेदी-विक्री’, ‘मत्स्यबीज केंद्रात मासे वाढवणे’, ‘स्प्रेडशीट तयार करणे’. सरदार सरोवराच्या फुगवट्याकाठी राहणाऱ्या धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलाला मासे बरोबर कळतात. कॅबिनेट त्याने पाहिलेलं नसतं. न कळलेल्या प्रश्नाला मुलं ‘नाही’ लावतात आणि बेरीज घसरते. घरी पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलाचा लाल रंग हा बऱ्याचदा मराठीचा रंग असतो, मनाचा नव्हे. रावेर-यावलला एका वादळात केळीचा उभा बाग आडवा झालेला ज्याने पाहिला तो शेतीच्या प्रश्नांना शून्य देणारच. तो त्याचा हिशेब आहे, आजार नाही. आणि ‘प्रवास करून माल विकणे’ला ‘नाही’ लिहिणाऱ्या मुलीने आवड सांगितलेली नसते, घरची परवानगी सांगितलेली असते.

चाचणी घेतात कशी, त्यावरही बरंच अवलंबून. एप्रिलच्या उन्हात, जेवणानंतरच्या तासाला, पत्र्याच्या खोलीत ६० प्रश्न दिले की उंची सगळ्यांचीच घसरते. एका मोबाइलवर तिघांनी भरणं, सरांनी मोठ्याने प्रश्न वाचून ‘लावा पटापट’ म्हणणं, मागच्या बाकाने पुढच्याचं उतरवणं, हे प्रकार नेहमीचे. कंपनी शाळेला जी एक्सेल फाइल देते तिच्या शेवटच्या रकान्यात प्रत्येकाने घेतलेला वेळ सेकंदांत असतो. तो रकाना कोणी उघडत नाही, उघडा. ६० प्रश्नांना २४० सेकंदांपेक्षा कमी म्हणजे प्रश्नामागे चार सेकंदही नाहीत; अशी उत्तरपत्रिका करिअरसाठीसुद्धा बाद धरावी. एकच पर्याय सलग १५ वेळा आला असेल तरी तेच. ही गाळणी अहवालात आपोआप लागायला हवी होती. लागत नाही.

समजा, पान ११ दिसतं त्यापेक्षा बरंच चांगलं आहे असं उदारपणे धरलं, तरी गणित जुळत नाही. हे फक्त हिशेबापुरतं उदाहरण: १००० मुलं, त्यांतली १०० खरोखर त्रासात. चाचणीने त्या १०० पैकी ६० पकडली. बाकीच्या ९०० पैकी दहात तिघांना चुकून लाल दिलं, म्हणजे २७०. एकूण लाल ३३०, त्यात खरी ६०. साडेपाच लाल मुलांमागे एक. ४० त्रासातली मुलं हिरवं पान घेऊन घरी. आता शाळेतला एकटा समुपदेशक त्या ३३० जणांशी अर्धा तास बोलायचा म्हणाला तर १६५ तास लागतील. रोजचे तीन तास धरले तर ५५ कामाचे दिवस. तोवर सहामाही उलटते.

म्हणून मग शॉर्टकट निघतो, आणि तिथे खरा राग येतो. अहवालांच्या पीडीएफ वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, नावासकट. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला कोण लाल, कोण हिरवा ते ठाऊक. आपल्याकडे मुलीच्या बाबतीत असा कागद किती वर्षं मागे लागतो हे सांगायला नको. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक धरतो आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. संमतिपत्रात फक्त ‘करिअर मार्गदर्शन’ लिहिलेलं असेल तर मनःस्वास्थ्याच्या नावाखाली रंग देण्याची संमती मुळात घेतलेलीच नाही. शाळेने पैसे देण्याआधी त्या कागदाची एक ओळ वाचावी.

पान ११ च्या तळाशी क्यूआर कोड आहे. तो स्कॅन केला की त्याच कंपनीचं सशुल्क समुपदेशन, एका बैठकीचे १५०० रुपये. लाल जितके जास्त तितकं गिऱ्हाईक जास्त, अशी रचना असलेल्या चाचणीची रेषा ३० टक्क्यांवरच का, याचा खुलासा कुठेही नाही. कुठल्या मुलांवर ती पडताळली, किती मराठी, किती खेड्यातली, निदानाशी ताडून बघितलं का, काहीच नाही. अहवालावर सही ‘सर्टिफाइड करिअर कोच’ची. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक मागितला तर खरा माणूस तो लगेच देतो.

क्लासेसना हे पॅकेज एवढं का भावतं? सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल निर्देश दिले: १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी ठेवावी, हेल्पलाइन नंबर ठळक लावावेत. पॅकेजची किमान संख्याही १००, हा योगायोग गोड आहे. पण निर्देश माणूस नेमायला सांगतात. रंगीत घड्याळाने ती जबाबदारी फिटत नाही.

मुलांचं मन खरंच तपासायचं असेल तर त्यासाठी घडवलेली साधनं आहेत, आणि ती या पॅकेजपेक्षा छोटी आणि स्वस्त आहेत. नैराश्यासाठी पीएचक्यू-९, नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, बेरीज ० ते २७. १० आणि वर आलं तर पुढे बोलायचं. किशोरांसाठी त्याचं वेगळं रूप आहे. चिंतेसाठी जीएडी-७, सात प्रश्न, ० ते २१. जागतिक आरोग्य संघटनेची डब्ल्यूएचओ-५ पाचच प्रश्नांची, आणि सगळे सरळ, चांगल्या वाटण्याबद्दलचे, त्यामुळे वर्गात द्यायला सोपी. बेरीज ४ ने गुणली की शंभरपैकी आकडा मिळतो. वागणूक, मैत्री, अभ्यासातलं लक्ष हेही बघायचं तर २५ प्रश्नांची एसडीक्यू, तिचे पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी वेगळे तक्ते आहेत. यांतलं कुठलंही निदान करत नाही, पुढे कोणाशी बोलायचं एवढंच सांगतं. पण किमान प्रश्न तरी मनाबद्दलचे आहेत.

एक धोका इथेही आहे आणि तो मोठा आहे. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तो विचारला की उत्तर त्याच दिवशी, मूल घरी जाण्याआधी वाचलं गेलंच पाहिजे. बेरीज ४ असली तरी नवव्याला शून्याखेरीज काहीही असेल तर त्याच दिवशी एकांतात बोलायचं, एकटं सोडायचं नाही, पालकांना बोलवायचं. आठवड्याने येणारा अहवाल इथे कामाचा नाही. त्यामुळे क्रम असा: आधी माणूस, मग पुढे पाठवायची जागा, मग संमती, आणि शेवटी प्रश्नावली. पुढे पाठवायला जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. फोनवर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत. हा नंबर नोटीस बोर्डावर लावायला ३५० रुपये लागत नाहीत.

पॅकेज आधीच घेतलं असेल आणि लाल पानं कपाटात पडून असतील, तर ती अगदीच टाकाऊ नाहीत. पान ११ काढून ठेवा आणि पान ३ वरच्या सहा आकड्यांकडे बघा. सहाही आकडे खाली आणि एकमेकांना चिकटलेले असतील, उदाहरणार्थ ७, ६, ८, ५, ७, ६, तर त्या मुलाशी दहा मिनिटं बोलायला निमित्त मिळालं, एवढंच समजायचं. सहाही ठिकाणी बरोबर २० आले असतील तरी तसंच. भरतीवाल्या मुलासारखा एक उंच खांब असेल तर सोडून द्या. बोलताना अहवाल टेबलावर ठेवू नका, करिअरपासूनच सुरुवात करा: ‘यातलं कुठलं काम कळलं नाही?’ अर्ध्या मुलांचा उलगडा इथेच होतो. मग: ‘मागच्या दिवाळीत काय करायला आवडायचं? आता करतोस का?’ मग झोप, भूक, हजेरी. किशोरवयात उदासी बऱ्याचदा रडण्याऐवजी चिडचिडीने बाहेर पडते, तेव्हा ‘फार उद्धट झालाय’ ही शिक्षकांची तक्रारही टिपून ठेवा. आणि ‘नैराश्य’, ‘डिप्रेशन’ हे शब्द आपण आधी काढायचे नाहीत. मूल म्हणेल ‘डोकं दुखस’, ‘मन लागस नही’, नाहीतर नुसतं ‘कसंतरी होतं’. अहिराणीत सांगितलेलं अहिराणीतच ऐकून घ्या, प्रमाण मराठीत वदवून घेतलं की निम्मं गळतं.

करिअरच्या भागाला पाचपैकी साडेतीन. गाळणी लावली आणि कॅबिनेटच्या जागी चौकट-दरवाजे, मत्स्यबीज केंद्राच्या बरोबरीने ठिबक बसवणे, जिनिंगमधली मशीन चालवणे असे प्रश्न आले तर चार. पान ११ ला शून्य. विक्रेत्याला लेखी तीन गोष्टी विचारा: ३० टक्क्यांची रेषा कुठल्या मुलांवर पडताळली, अहवाल कोणाकोणाला दिसतो, आणि पान ११ वगळून दर किती. पहिल्या दोन्हींवर उत्तर येत नाही. तिसऱ्यावर येतं: २६० रुपये.